करंटले रंग नसते

अचलपूरच्या बाजारात वलीभाई रंगाऱ्यांचं दुकान शोधायला पाटी लागत नाही. दुकानासमोरची नालीच पत्ता सांगते. आत जो रंग चालू असेल तेच पाणी बाहेर वाहतं, कधी जांभळं, कधी केशरी, आणि लग्नसराईत तर दिवसातून किती वेळा बदलेल त्याचा नेम नाही. आत स्टोव्हवर पातेली, वर दोऱ्या, दोऱ्यांवर ओल्या ओढण्या. बायका साडीची चिंधी घेऊन येतात, ‘याले जुळन अशी रंगवून द्या’ म्हणतात. वलीभाई चिंधी उजेडात धरतात, एकदा बघतात आणि परत देऊन टाकतात.

या दुकानाचा एक कायदा होता. काम बरोबर झालं की कोणी काही बोलायचं नाही. बरोबर तर व्हायलाच पाहिजे, त्यात बोलायचं काय, असा वलीभाईंचा खाक्या. ओढणी नीट उतरली की ते ती मुकाट्यानं दोरीवर टाकायचे आणि पुढची उचलायचे. चुकली, की मग मात्र त्यांचा आवाज पानठेल्यापर्यंत जायचा. ‘शाबास’, ‘छान’, ‘बरोबर’ असले शब्द त्यांच्या तोंडून ना गिऱ्हाइकांनी ऐकले, ना त्यांच्या बायकोनं, खुर्शीदबीनं, ना त्यांच्या एकुलत्या एका पोरानं.

त्या पोराचं नाव वकार. ही गोष्ट त्याची आहे.

वकार लहानपणापासून दुकानात बसायचा, आणि लहानपणापासून मार खायचा. अब्बांनी लाल पुडीचा डबा मागितला की हा हिरव्या पुडीचा डबा हातात द्यायचा. डब्यांवरची नावं वाफेनं केव्हाच उडून गेली होती. आपल्याला काही रंग दिसत नाहीत असं त्याला कधी वाटलं नाही. निळा दिसत होता, पिवळा तर झणझणीत दिसत होता. फक्त लाल आणि हिरवा या दोघांत लोक एवढा फरक कशाचा करतात ते त्याला समजायचं नाही. आपण लक्ष देत नाही म्हणून समजत नाही, असं तो धरून चालला होता, कारण घरात त्याला तेच सांगितलं जात होतं. “तुह्यं ध्यान कुठं असते?” हे वाक्य त्यानं स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

मग पोरानं एक युक्ती शोधली. शोधली म्हणण्यापेक्षा अंगवळणी पडली. तो डब्यावर हात ठेवायचा आणि अब्बांकडे बघायचा. अब्बांची भुवई हलली, की हात पुढच्या डब्यावर. भुवई स्थिर राहिली, की तोच डबा उचलायचा. अम्मी जवळ असली तर ती हळूच खोकायची. असा तो रंग माणसांच्या तोंडावर वाचायला शिकला, आणि इतका पटाईत झाला की आपण हे करतो आहोत हे त्याचं त्यालाही कळेनासं झालं.

पण माणसं नेहमीच समोर नसतात. एकदा पार्बताबाई म्हणून एक म्हातारी नातीच्या लग्नाची ओढणी रंगवायला घेऊन आली. हिरवी पाहिजे होती, शालूला जुळणारी. वलीभाई नमाजाला गेले होते, स्टोव्हवर दोन पातेली उकळत होती, आणि वकारनं ओढणी एका पातेल्यात सोडली. म्हातारी दाराशी पाठमोरी बसली होती. ओढणी वर निघाली ती लालभडक. वलीभाई परत आले, त्यांनी ती बघितली, आणि सगळ्या बाजारासमोर पोराच्या थोबाडीत दिली. पार्बताबाईच मध्ये पडली, “जाऊ द्या भाऊ, लेकरू हाय,” म्हणाली. लेकरू तेव्हा सातवीत होतं.

मला या वलीभाईंचा राग येतो, आणि राग धरूनही ठेवता येत नाही. ज्या माणसाची सगळी हयात रंगात गेली, त्याला आपल्याच पोराच्या डोळ्यांचा संशय येऊ नये? पण नेमकं तिथंच असं होतं. ज्याला स्वतःला इतकं लख्ख दिसतं, त्याला दुसऱ्याला दिसत नसेल हे सुचतच नाही. आळस सुचतो, बेपर्वाई सुचते, पोरगं हट्टी आहे हे सुचतं.

बारावी झाल्यावर वलीभाईंनी निकाल लावून टाकला. घरातलं बोलणं निम्मं उर्दू, निम्मं वऱ्हाडी. रागात आणि लाडात ते वऱ्हाडीच बोलत. “रंग तुह्या हातात नाई बेटा,” ते म्हणाले. “माह्या छातीत या वाफेनं काही ठेवलं नाई, तुले तरी कायले याच्यात घालू? तू अमरावतीले आयटीआय कर. करंट शीक. करंटले रंग नसते.”

वकारला ते वाक्य इतकं आवडलं की त्या रात्री तो पहिल्यांदा बापाच्या शेजारी सतरंजी टाकून झोपला.

अमरावतीच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात पहिल्याच दिवशी गावंडे सरांनी वायरींची जुडी वर धरली. ऐन पन्नाशीतला, खड्या आवाजाचा माणूस. “ही लाल, फेज. ही काळी, न्यूट्रल. ही हिरवी, अर्थिंग. एवढं ज्याले समजलं तो जिवंत राह्यते. ज्याले नाई समजलं तो आपल्यासंगं दुसऱ्यालेही नेते.”

पोरं हसली. वकारनं पुन्हा नीट बघितलं. सरांच्या हातात त्याला एक काळी वायर दिसत होती आणि दोन एकसारख्या. करंटला रंग नव्हता हे खरं होतं. वायरींना होता.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं, असं आपण आता म्हणतो. काय सांगणार होता तो? माझं ध्यान नसतं, असं? ते सांगितल्यावर परत रंगाच्या दुकानातच जायचं होतं. त्यानं मनाशी ठरवलं, आता मन लावून बघायचं. आणि तो खरोखर मन लावून बघायचा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघायचा. कोरी वायर असली तर हिरवी किंचित फिकी वाटायची. पण वर्कशॉपमधल्या वायरी वर्षानुवर्षं प्रत्येक बॅचच्या हातून गेलेल्या, मळून तेलकट झालेल्या. वेळ असला की तो प्रत्येक वायरीचं दुसरं टोक कुठं जातं ते टेस्टिंगचा दिवा जोडून तपासायचा आणि मगच जोडायचा. सरांना वाटायचं, पोरगं मोठं सावध आहे. “वकारसारखं काम करा,” ते बाकीच्यांना म्हणायचे, आणि वकारला त्या कौतुकानं घाम फुटायचा.

वेळ नसला की जुईली होती. वर्कशॉपमध्ये दोघादोघांना मिळून एक टेबल असायचं, आणि वकारच्या टेबलावर जुईली आली होती. अमरावतीचीच, भिक्षुकी करणाऱ्या बापाची लेक. बाप वास्तुशांती सांगायला जायचा तेव्हा ही सोबत जायची, आणि होमाकडे न बघता नव्या घराच्या वायरिंगकडे बघत बसायची. बोलायला फटकळ, हातानं चपळ. वकार वायर उचलायचा आणि तिच्या तोंडाकडे बघायचा. ती आपल्या कामात राहिली, की वायर बरोबर. तिच्या कपाळाला आठी पडली, की चूक. वर्ष उलटून गेलं तरी तिला पत्ता लागला नाही. तिला वाटायचं, हा पोरगा आपल्याकडे फार बघतो, आणि तेवढ्यासाठी तिनं त्याला दोनदा झापलंही होतं.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात ते झालं. इस्त्रीच्या वायरीला थ्री-पिन जोडायचं साधं काम. जुईली पाणी प्यायला गेलेली. शेजारच्या टेबलावरचा देवमन, मूर्तिजापूरचा, घाई करत होता, “आटप लेका, माही इस्त्री झाली कवाची.” वकारनं एक वायर उचलली आणि सवयीनं समोरच्या तोंडाकडे बघितलं. समोर देवमन होता. देवमन मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता आणि त्याच्या तोंडावर काहीच हललं नाही. काही हललं नाही म्हणजे बरोबर. वकारनं वायर कसली, झाकण लावलं. सरांना ऑफिसातून बोलावणं आलं होतं, ते येईपर्यंत थांबायचा नियम होता, पण देवमननं पिन सॉकेटमध्ये घालून बटण दाबून टाकलं. आणि पाणी पिऊन आलेल्या जुईलीनं इस्त्री बाजूला करायला हात घातला.

ती ओरडली नाही. तिच्या घशातून कसलातरी आवाज आला आणि ती मागच्या टेबलावर जाऊन आदळली. इस्त्री खाली पडली. पायाखाली रबरी चटई होती म्हणून जुईली वाचली. कोपर फुटलं, हात खांद्यापर्यंत बधिर झाला, आणि तिचे ओठ पांढरे पडले. सगळी पोरं तिच्याभोवती गोळा झाली. वकार जागचा हलला नाही. त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच होता.

गावंडे सरांनी येऊन थ्री-पिन उघडली. हिरवी वायर फेजला, लाल अर्थिंगला. म्हणजे इस्त्रीच्या सगळ्या अंगात करंट.

“कोणाचं काम हे?”

“माहं, सर.”

“तुह्यं?” सरांनी उघडलेली थ्री-पिन त्याच्यापुढं धरली. “ध्यान कुठं होतं तुह्यं?”

तेच वाक्य. आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकून वकारला बरं वाटलं. बेपर्वा म्हणून शिक्षा झाली, आठवडाभर वर्कशॉपबाहेर उभं राहावं लागलं, ते त्यानं आनंदानं सोसलं. कारण बेपर्वाई सुटू शकते, आज ना उद्या माणूस सुधारू शकतो. त्याला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटायला लागली होती, आणि तिला अजून नाव नव्हतं.

ते नाव जुईलीनं दिलं. हाताला पट्टी बांधून ती परत आली त्या दिवशी तिनं त्याला सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली गाठलं.

“माही ओढणी कोणत्या रंगाची हाय?”

वकारनं तिच्या तोंडाकडे बघितलं. तिनं तोंड फिरवून घेतलं. पोरगी हुशार होती, तेवढ्या दिवसांत तिनं मागचं सगळं वर्ष आठवून बघितलं होतं.

“तोंडाकडे नको पाहू. ओढणीकडे पाह्य.”

रंगाऱ्याचा पोरगा ओढणीकडे बघत राहिला. आयटीआय सुटली, सायकली निघाल्या, स्टँड रिकामा झाला.

“मले नाई माहीत,” तो म्हणाला.

“हिरवी हाय. लोक याले रंगांधळेपणा म्हणतात वकार. शाळेत धडा होता.”

“तसं नाई माह्यात काही. माहं ध्यान नसते फक्त.”

“तुह्यं ध्यान माह्याहून जास्त असते. मी पाह्यते नं रोज.” ती खाली बसली. दुखरा हात मांडीवर ठेवून म्हणाली, “सरले सांग.”

“सरले सांगतलं तर संपलं सगळं. घरी कोणत्या तोंडानं जाऊ? अब्बा दुकान बंद करून राह्यले. त्याईच्या छातीतून शिटीसारखा आवाज येते रात्रभर. मी विजेच्या लाइनवर लागलो की ते स्टोव्ह विझवणार हायत. त्या एका दिवसासाठी ते जगून राह्यले, जुईली.”

ती काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं तिला पुढं फार वाटलं. पण ती एकोणीस वर्षांची होती आणि समोरचा पोरगा रडत होता.

परीक्षेच्या दिवशी टेबलावरच्या रिळांमधून सगळ्यांसाठी वायरी कापायचं काम जुईलीनं मागून घेतलं, आणि वकारच्या वाट्याच्या प्रत्येक हिरव्या तुकड्याला टोकाशी दातानं बारीक चावा घेतला. वकारनं अंगठा फिरवून वायरी ओळखल्या आणि पहिल्या पाचात आला. निकालाच्या दिवशी ती त्याला पेढा द्यायला आली आणि म्हणाली, “हे परीक्षेपुरतं होतं. पोलवर मी नसन.”

वीज कंपनीच्या अप्रेंटिसच्या यादीत त्याचं नाव लागलं, अकोल्याला. वैद्यकीय तपासणी झाली की रुजू व्हायचं. वलीभाईंनी त्या दिवशी भर लग्नसराईत दुकानाला कुलूप घातलं, असं आधी कधी घडलं नव्हतं. दर्ग्यावर जाऊन शिरणी वाटली, आणि येताना भेटेल त्याला थांबवून सांगत आले, “माहा पोरगा लाइनवर जाते आता.” वकारला मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या कायद्यानं ते बरोबरच होतं. संध्याकाळी त्यांनी लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या रंगाच्या पुड्या दुसऱ्या रंगाऱ्याला देऊन टाकल्या आणि खुर्शीदबीला म्हणाले, “दोन-चार नग उरले हायत कबूल केलेले, तेवढे करतो आन बस.”

तपासणीचं सांगितलं देवमननं, अगदी सहज. त्याचंही नाव लागलं होतं. “डोळ्यासाठी ठिपक्याईचं बुक दाखवतात बावा. हे पाह्य, मोबाइलवर हाय. सोपं हाय, ठिपक्यात आकडे असतात. हा बारा, हा आठ.”

वकारनं मोबाइल हातात घेतला. बारा दिसला. पुढच्या चित्रात ठिपके होते. त्याच्या पुढच्या चित्रातही ठिपकेच. ती चित्रं त्यानं आपल्या मोबाइलवर घेतली आणि घरी येऊन दुपारभर, अम्मी जेवायला हाका मारून थकली तरी, तो त्या ठिपक्यांकडे बघत बसला. मन लावून बघितलं, डोळे चोळून बघितलं, मोबाइल लांब धरून, जवळ धरून बघितलं. आयुष्यात त्यानं कशाकडेही इतकं ध्यान दिलं नव्हतं. आकडा आला नाही. तेव्हा त्याला कळलं की ध्यानाचा यात काही संबंध नव्हता, कधीच नव्हता, आणि मग सुधारण्यासारखंही काही नव्हतं. तो पालथा पडून राहिला. त्याला मरून जावंसं वाटलं, हे तो पुढं कोणालाही सांगणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं अमरावतीला गेला आणि जुईलीला म्हणाला, “मले ते पाठ करून दे.”

त्याच कडुनिंबाखाली बसून त्यांनी ते केलं. ती एकेक चित्र दाखवायची, आकडा सांगायची, आणि तो क्रमानं घोकायचा. बारा, आठ, सहा, एकोणतीस. कुराणाची सुरत पाठ करावी तसा त्यानं तो क्रम पाठ केला. चांगलं येत होतं त्याला. एकदा सगळे बरोबर आले तेव्हा जुईलीनं मोबाइल पालथा ठेवला.

“हात अजून मुंग्या आल्यासारखा करते माहा, कधी कधी,” ती म्हणाली. “तू पास झाला नं, तर मले झोप नाई येणार. तू पोलवर असशीन आन खाली कोणी तरी असन. कोणी तरी पोट्टी असन, पाणी पिऊन येणारी.”

“मंग कायले शिकवून राह्यली?”

“मले नाई माहीत,” ती म्हणाली. “तू सांग. मी नाई म्हणू का?”

वकारनं मोबाइल उचलून पुन्हा तिच्या हातात दिला. मला त्याचा इथं रागही येतो. पण त्याच्या डोळ्यांसमोर विझलेला स्टोव्ह होता आणि त्याच्या पलीकडचं काही बघायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात पोरांची रांग लागली होती. डॉक्टर वयस्कर होते, सकाळपासून तीच ती डोळे-कान-छाती तपासून कंटाळलेले. वकारची पाळी आली तेव्हा तो मनात पहिल्यापासून म्हणत होता, बारा, आठ, सहा. डॉक्टरांनी पुस्तक घेतलं आणि मागून उघडलं.

“किती?”

वकारनं ठिपक्यांकडे बघितलं, आणि मग, जन्माच्या सवयीनं, डॉक्टरांच्या तोंडाकडे. डॉक्टर खाली मान घालून दुसऱ्याच पोराचा कागद भरत होते.

“बारा,” वकार म्हणाला. बारा तिथं नाही हे त्यालाही दिसत होतं, पण जिभेला तोच क्रम बसला होता.

“पुढचं.”

“आठ.”

“पुढचं.”

आवाज तोच. चढला नाही, पडला नाही. वकार त्या आवाजाला चाचपत होता, कुठं तरी बारीक भेग सापडेल म्हणून, आणि आवाज सपाट होता. तो आकडे बदलून बघू लागला. चौऱ्याहत्तर म्हणाला, पाच म्हणाला. शेवटी डॉक्टरांनी पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदा मान वर केली.

“पाठ करून आलास ना?” ते रागावले नव्हते. “बस खाली. घरचे काय करतात?”

“अब्बा रंगारी हायत.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, “हे जन्मापासून असतं, बाळा. डोळ्यात तेवढा भागच नसतो. औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. तुझी यात काहीही चूक नाही. पण लाइनच्या कामाला मी तुला सही देऊ शकत नाही. उद्या कोणी मेलं तर?”

तुझी चूक नाही. हे वाक्य सगळ्या आयुष्यात त्याला कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेव्हा ते त्याची नोकरी काढून घेताना म्हटलं. बाहेर देवमननं विचारलं, “झालं?” वकारनं नुसती मान हलवली, आणि देवमनला वाटलं झालं.

स्टँडवरून त्यानं जुईलीला फोन केला. “नाई झालं.” पलीकडून आधी “बरं झालं” ऐकू आलं आणि लगेच रडण्याचा आवाज, “माफ कर मले, माह्या तोंडून निघून गेलं.” तो म्हणाला, “खरं हाय ते.” मग अकोट, अंजनगाव करत एसटी अचलपूरशेजारच्या परतवाड्याला येईपर्यंत तो खिडकीला डोकं टेकून बसला. बाहेर शेतं होती. ती हिरवी असतात असं लोक म्हणतात.

उतरून चालत तो दुकानावर पोचला तेव्हा दिवस कलला होता. वलीभाई कबूल केलेले शेवटचे नग उकळत होते. दोरीवर ओढण्या वाळत होत्या, खुर्शीदबी बाजूला घड्या घालत होती. वकारनं बॅग ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ठिपक्यांचं पुस्तक, डॉक्टर, जन्मापासूनचं ते. जुईलीच्या हाताचंही सांगितलं. सांगताना तो बापाच्या तोंडाकडे बघत नव्हता, पातेल्याकडे बघत होता.

वलीभाई ओरडतील असं त्याला वाटलं होतं. ओरडले असते तर सोपं झालं असतं.

“चष्मा?” त्यांनी विचारलं.

“नाई म्हणते डॉक्टर.”

“नागपूरले? मोठ्या दवाखान्यात?”

“कुठंच नाई, अब्बा. तो भागच नाई डोळ्यात.”

खुर्शीदबीनं तोंडाला पदर लावला. वलीभाईंनी खाली वाकून स्टोव्हची चावी फिरवली. पातेलं गप झालं. ते तसेच वाकून, पातेल्यालाच विचारावं तसं म्हणाले, “पार्बताबाईची ओढणी... तवापासूनच?”

“त्याच्या आंधीपासून.”

त्या माणसाच्या छातीतून शिटी वाजत होती, तेवढाच आवाज दुकानात होता. मग ते सरळ झाले. दोरीवरून एक ओढणी काढली आणि दाराशी, जिथं उजेड अजून बरा होता तिथं, पोरापुढं धरली. त्यांच्या नखांत जन्माचा रंग बसलेला.

“नीट पाह्य बेटा,” ते म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते कधी बोलले नव्हते. “घाई नको करू. हा कोणता?”

वकारला म्हणायचं होतं की अब्बा, याचा काही उपयोग नाही. पण बाप ओढणी धरून उभा होता आणि त्याच्या तोंडावर एवढी आशा होती की वकारनं त्या तोंडाकडे बघायचंच टाळलं. त्यानं ओढणीकडे बघितलं. ती त्याला मातकट दिसली, तशी सगळ्याच दिसायच्या.

“लाल,” तो म्हणाला.

वलीभाई काही बोलले नाहीत. मागं खुर्शीदबीच्या तोंडून हुंदका फुटला आणि तिनं तो गिळला.

“बरोबर,” वलीभाई म्हणाले.

आणि वकारला कळलं की ते चुकलं. या दुकानात बरोबरला कोणी बरोबर म्हणत नसे. हा शब्द त्यानं बापाच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला होता.

वलीभाईंनी ती ओढणी खांद्यावर टाकली आणि दोरीवरून दुसरी काढली. “आन हा?”

“हिरवा.”

“बरोबर हाय.”

त्यांनी तिसरी काढली. वकार उत्तरं देत राहिला, बाप ओढण्या काढत राहिला. दोरी रिकामी होईपर्यंत त्यांनी पोराची एकही चूक काढली नाही.